मावशी थांबत नाही तेव्हा

मावशी पियानोवर साथ करायची ती अशी, की पोरगं कितीही चुको, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. कुणी दोन मात्रा गाळल्या तर तीही गाळायची. कुणी घाबरून थबकलं तर तिची बोटं अशी रेंगाळायची, जणू ते थबकणं कागदावरच लिहिलंय. शहरातली निम्मी पोरं परीक्षेत तिच्या बोटांवर तरून गेली होती. बक्षीस अर्थातच पोरांना मिळायचं.

यंदा तिची सख्खी भाची निवडचाचणीला उभी राहणार होती. अंगापेक्षा तिचा ट्रॉम्बोन, फुंकून वाजवायचं ते पितळी वाद्य, मोठा. नळी पुरती पुढे सारायला हात पुरायचा नाही. कुमार वाद्यवृंदात ट्रॉम्बोनची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यापायी भाचीने खाणंपिणं सोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तिने निवडलेली चीज होती लॅटिन नाचाच्या ठेक्यावरची. पुस्तकावर लिहिलेलं, 'लहान वादकांसाठी'.

"लहानांसाठीच ना? मग त्यात काय डोंबल बसवायचंय," म्हणून मावशी पियानोशी बसली.

झालं भलतंच. त्या चिजेत ट्रॉम्बोनचे सूर ठोका पडून गेल्यावर अर्ध्या मात्रेने यायचे. मावशीच्या कानाला वाटे, पोरगी मागे पडतेय. मग ती थांबे. मावशी थांबली की भाचीही थांबे, कारण तिला ठोक्याच्या मागेच यायचं असे. म्हणून मावशी आणखी थांबे. दुसरं पान येईपर्यंत नाचाचं गाणं अंत्ययात्रेत चालेल असं होऊन जाई.

"मावशी, तू माझ्यासाठी थांबू नकोस गं."

"मी कुठे थांबते? तूच रेंगाळतेस."

"मला रेंगाळायलाच सांगितलंय त्यात."

"आणि चुकलीस तर?"

"तर चुकले. तू पुढे जा."

स्वयंपाकघरातून काका म्हणाले, "लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कधी थांबली नाही ती. तुझाच एवढा पुळका कसा आला?"

निवडीच्या दिवशी मावशीने ठोका धरला तो धरला. पहिलं पान झकास गेलं. परीक्षकबाईंचा पाय टेबलाखाली हलू लागला. दुसऱ्या पानावर भाचीची नळी भलतीकडेच सरकली, सूर फाटला आणि ती गप्प झाली. मावशी थांबली असती तर चूक झाकली गेली असती, पण नाच तिथेच मेला असता. दात आवळून ती वाजवत राहिली. भर परीक्षेत एखाद्या लेकराला वाऱ्यावर सोडायची तिची ही पहिलीच वेळ.

भाची मान हलवत ठोके मोजत होती. मग तिने ट्रॉम्बोन ओठांना लावला आणि बरोबर अर्धी मात्रा उशिरा, म्हणजे अगदी वेळेवर, ती आत शिरली.

जागा तिला मिळाली. "पडूनही लयीत परत येणारी पोरं हवीत आम्हाला," परीक्षकबाई म्हणाल्या. मग मावशीला जरा बाजूला घेऊन त्यांनी मऊ आवाजात सांगितलं, "तुम्ही मात्र फार रेटून वाजवता हो. लहान मुलांबरोबर थोडं थांबावं लागतं. सरावाने जमेल तुम्हालाही."

भाचीने तोंड उघडलं. मावशीने तिच्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, "बरं, बघते जमतंय का."