हरकत कुणाची?

वॉर्ड ऑफिसातून तिसऱ्यांदा नकार आला, तेव्हा अर्बननं त्या कागदाची घडी घातली, ती भिंतीवरच्या खिळ्याला टोचली आणि म्हणाला, "बास झालं. रविवारी गवंडी बोलावतो. बांधून टाकू. मग बघू कोण पाडायला येतं."

त्याच्या बायकोनं, सेराफिनानं, कागद खिळ्यावरून काढला आणि ओट्यावर उजेडात नेऊन पुन्हा वाचला.

सन अठ्ठावन्नची गोष्ट. बोरिवली मुंबई महापालिकेत जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी तिथल्या चिंचपाखाडी या ख्रिस्ती वस्तीत कुणाला घराला खोली जोडायची झाली, तर शेजाऱ्याच्या कानावर घालायचं आणि गवंड्याला नारळ द्यायचा, एवढाच रिवाज. आता नकाशा लागायचा, अर्ज लागायचा, आणि अर्जाला उत्तर यायचं.

सेराफिना पाखाडीतल्या मुलींना शिवण शिकवायची. मशिनं दोन, मुली सात, आणि जागा म्हणजे हा ओटा. वारा सुटला की कापलेलं कापड उडून थेट कोंबड्यांत जायचं. घराच्या उगवतीला, शेजारच्या घरापर्यंत, एक बोळ होता. त्यात लाकडं रचलेली असायची. जमीन परेरांचीच, म्हणजे अर्बन-सेराफिनाचीच. तिथं भिंत घातली की शिवणाची ऐसपैस खोली होणार होती. विटाही येऊन पडल्या होत्या.

पहिल्यांदा नकार आला, कारण ड्राफ्ट्समननं घर न पाहताच नकाशा काढला होता. त्यात शेजारचं घरच नव्हतं. दुसऱ्यांदा शेजारचं घर दाखवलं, तर उत्तर आलं की 'शेजारील स्वयंपाकघराचा उजेड व वारा अडत असल्यामुळे परवानगी नाकारण्यात येत आहे.' ते घर बॅप्टिस्टचं. तो वांद्र्याला राहायला गेला होता. अर्बन रजा काढून त्याच्याकडे गेला आणि आपली काही हरकत नाही असं लिहून, सही करून घेऊन आला. ते पत्र जोडून तिसरा अर्ज केला. त्यालाही तेच वाक्य, तसंच्या तसं.

"मालक म्हणतो हरकत नाही," सेराफिना म्हणाली. "मग हरकत आहे कुणाची?"

"सहदेवाची. दुसरं कोण? त्यानंच जाऊन कान भरले असतील."

सहदेव हा बॅप्टिस्टचा भाडेकरू. मालवणकडचा, गिरणीत विणकर. बायको वनमाला आणि तो, दोघंच. पूर्वी रविवारी संध्याकाळी सहदेव आणि अर्बन पत्ते खेळायला बसायचे. दुसरा नकार आल्यापासून अर्बननं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. सहदेवनं दोनदा हाक मारून पाहिली, मग तोही गप्प झाला.

सेराफिनाला राग येत नव्हता असं नाही. पण रागापेक्षा तिला त्या वाक्याचंच कोडं पडलं होतं. तिनं मुलींना सुट्टी दिली आणि तिन्ही नकाशे गुंडाळून वॉर्ड ऑफिस गाठलं.

ओव्हरसियर पेडणेकर हे चष्म्याला दोरा बांधलेले सडसडीत गृहस्थ होते. बाई भांडायला आली, अशा समजुतीनं त्यांनी आधीच हात वर केला. "निकाल झाला आहे, बाई. माझ्या हातात काही नाही."

"मना भांडायचं नाय," सेराफिना म्हणाली. "समजून घ्यायचंय. कुणी तक्रार केली?"

"कुणीच नाही."

"सहदेवानं?"

"कोण सहदेव?" पेडणेकरांनी फाइल उलटीपालटी केली. "यात कुणाचा अर्ज नाही. नकाशावर मला खिडकी दिसली, म्हणून जागेवर येऊन बघून गेलो. तुमची भिंत त्या खिडकीपासून दीड हातावर येते."

"पण घर ज्याचं, त्यानं लिहून दिलं."

पेडणेकरांनी चष्मा काढला. एवढ्या शांतपणे विचारणारं माणूस बहुधा त्यांच्या टेबलाशी क्वचितच येत असावं. "हे बघा, बॅप्टिस्ट उद्या घर विकतील. घेणारा दुसऱ्याला भाड्यानं देईल. ती खिडकी मात्र तिथंच राहणार. सहीवर खिडकी बुजवू दिली, तर पुढं तिथं जो कुणी चूल पेटवील त्यानं काय करायचं? बरं, आत्ता तिथं स्वयंपाक कोण करतं?"

"वनमाला."

"त्यांना विचारलंत?"

सेराफिनानं नकाशावरच्या त्या खिडकीकडे बघितलं. तीन अर्ज झाले, वांद्र्याची फेरी झाली, पण बोळाच्या पलीकडे जाऊन वनमालेला विचारावं हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"भाडेकरूची सही आम्हीही मागत नाही," पेडणेकर म्हणाले, आणि नकाशावर पेन्सिलीनं एक रेघ ओढली. "एवढा पट्टा वर आकाशापर्यंत मोकळा सोडा. मग अर्ज करा."

त्या रेघेनं खोली जवळजवळ निम्मी झाली.

घरी परत येताना सेराफिना विचारात होती. दीड हात म्हणजे काही अगदीच थोडं नाही. एवढ्या फटीतून उजेड खरंच येत नाही? की साहेब लोक कागदावर बघूनच ठरवतात? मुलींना ती नेहमी सांगायची की झगा कागदावर कितीही छान दिसो, आधी जुन्या धोतराचा कापून अंगाला लावून बघायचा. मग इथं तसं का करू नये?

रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर तिनं अर्बनला बांबू आणायला सांगितलं.

"गवंडी बोलावू का?"

"गवंडी नको. झापं बांधायचीत. भिंत जिथं येणार तिथं, वळचणीपर्यंत."

अर्बन पुटपुटला, पण कामाला लागला. माडाची झापं त्यानं बांबूंना घट्ट बांधली, फटींवर गोणपाट टाकलं. दोन तासांत बोळात आडवी भिंत उभी राहिली. सेराफिनानं सुई आणि काळा दोरा घेतला आणि वळसा घालून शेजारच्या दारात गेली.

वनमाला दाराच्या उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला बघून दचकली. "या, बाय. बसा. मी चाय ठेवतंय."

"इथं कशाला बसलीस? आत खिडकी आहे ना तुझी?"

"आत खडो दिसत नाय आता," वनमाला एवढंच म्हणाली आणि डोळे खाली घातले.

सेराफिना आत गेली. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. आत चुलीच्या जाळाएवढाच उजेड. वनमालेनं कोनाड्यातली चिमणी पेटवलेली होती. कढणाच्या वाफेत धूर मिसळून वर आढ्याला लागला होता आणि तिथून परत खाली उतरत होता. खिडकीपाशी उभं राहून सेराफिनानं दोरा सुईत घालायला घेतला. तीस वर्षं ती हे काम करत होती. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा दोऱ्याचं टोक ओलं करून पाहिलं. पाचव्यांदाही नेढं सापडलं नाही, तेव्हा तिनं बाहेर जाऊन अर्बनला आत आणलं.

तो दारातून दोन पावलं आत आला आणि खोकायला लागला. डोळे पुसत त्यानं खिडकीकडे बघितलं. पलीकडे त्याची स्वतःची झापं होती, हात लांब केला तर टेकतील एवढ्यावर.

"हे असं रोज झालं असतं?" त्यानं विचारलं.

"मी ठरवलंलंय, चूल मागच्या अंगणात हलवूची," वनमाला म्हणाली. "पावसात काय ता बघला असता."

"मग आम्हाला सांगितलं का नाय?" सेराफिनानं विचारलं.

"मी भाडोत्री, बाय. जागा तुमची. माका कोणी इचारल्यानच नाय."

अर्बन तसाच वळला. बाहेर जाऊन त्यानं झापं सोडायला घेतली. पहिलं झाप निघालं तसा उजेडाचा एक पट्टा चुलीवर पडला, आणि वनमालेनं फुंकर मारून चिमणी विझवली.

संध्याकाळी सहदेव बाजारातून घरी आला, तेव्हा अर्बन त्याच्या दारात उभा होता. चपलेच्या टोकानं तो माती उकरत होता. शेवटी म्हणाला, "मी समजलो तू अर्ज दिलास."

"कसलो अर्ज?"

"काय नाय. वॉर्डातला माणूस म्हणाला, कुणीच दिला नाय. माझी चूक झाली."

सहदेवनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तरीच मी म्हणतंय, ह्या माणसाक झाला काय," आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. पत्ते त्या दिवशी निघाले नाहीत. त्याला आणखी तीन रविवार लागले.

नवा नकाशा सेराफिनानं स्वतः बेतला. तपकिरी कागदावर तिनं मापानं घर कापलं, बॅप्टिस्टचं घर कापलं, विहीर कापली, आणि खोलीचा तुकडा इकडून तिकडे सरकवत बसली. उगवतीला तो बसेना. शेवटी मागच्या बाजूला, लाकडाची खोप आणि न्हाणी यांच्या मधल्या जागेत बसला, एक कोपरा आत मुरडून. दोन मशिनं आणि कापायचं टेबल राहील, सातांऐवजी पाच मुली बसतील. राहिलेल्या दोघी दुपारी येतील. ड्राफ्ट्समनला तिनं या वेळी हाताला धरून जागेवर आणला आणि तो माप घेत असताना शेजारी उभी राहिली.

चौथा अर्जही परत आला. अर्बननं डोक्याला हात लावला. सेराफिनानं उत्सुकतेनं पाकीट फोडलं. कारण एकच होतं, नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती.

"मग त्यांना उजेड कुठून येतो ते कसं कळणार?" ती म्हणाली, आणि ड्राफ्ट्समनकडून उत्तरेचा बाण काढवून घेऊन त्याच दिवशी नकाशा पुन्हा दिला.

परवानगी नाताळाआधी आली. खोली फेब्रुवारीत उभी राहिली. पेडणेकर टेप घेऊन तपासायला आले, तेव्हा त्यांनी आधी बोळ मोजला, तो पूर्ण मोकळा होता. मग त्यांनी वनमालेच्या खिडकीतून आत डोकावून "काय, मासे कुठले?" असं विचारलं.

"तारले," वनमाला म्हणाली.

पाखाडीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. महिन्याभरात वरच्या गल्लीतली मोनिका आली, हातात नकाराचं पत्र आणि चेहऱ्यावर संताप घेऊन. तिला माडी चढवायची होती. वॉर्डातल्या लोकांना पाखाडीवाल्यांचं बरं बघवत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

सेराफिनानं मशिनीवरचं काम बाजूला सारलं, पत्र वाचलं, नकाशा उलगडला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हा जिना कुठं उतरतो गं?"

मोनिकानं नकाशा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "मना काय ठाऊक? ड्राफ्ट्समननं काढलाय."

"चल," सेराफिना चपला घालत म्हणाली. "जाऊन बघू या."