चहातली पुडी

माझ्या रक्तात झोपेचं औषध निघालं, हे कोर्टात वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. हसणारच. मी एके काळचा नामी बेवडा. हसनाबादच्या रस्त्यावर माझी जीप खड्ड्यात गेली, मागे बसलेल्या गावातल्या आशाबाईंचा हात मोडला, आणि गाव म्हणालं, भारतनं दारू सोडली अन् गोळ्या धरल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणे.

पण मी काहीच घेतलं नव्हतं. पिंपळगावच्या रेणुकाईसमोर लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, त्याला वर्ष होऊन गेलं. मिरवायला माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता, लायसन्सही जाणार होतं. मला मात्र ते हसूच जास्त लागलं.

आमचे वकील रामप्रसादकाका म्हणाले, एक साक्षीदार आहे. आणि पिंजऱ्यात येऊन उभी राहिली शीतल, माझी बायको.

बाजारातल्या वैदूकडून तिनं दारू सोडवायची पुडी आणली होती. आमच्याकडे बायका ती नवऱ्याला चोरूनच देतात. सांगितलं तर गुण येत नाही म्हणे. मी पीत होतो तेव्हापासून रोज सकाळच्या चहात चिमूटभर. त्या दिवशी नवी पुडी फोडली, ती जहाल निघाली. उरलेली तपासली तर त्यात तेच झोपेचं औषध सापडलं. हे बोललीस तर तुझ्यावर केस होईल, असं काकांनी तिला बजावलं होतं. तरी ती खाली मान घालून सगळं बोलली.

मी सुटलो.

बाहेर कडुनिंबाखाली मी तिला विचारलं, "म्या शपथ घेतली तव्हा तू संगं व्हती ना?"

"व्हते."

"मंग?"

"पुडी बंद केली अन् तुम्ही पुन्हा प्यायलात तर? लई भ्या वाटायचं."

म्हणजे दारू मी सोडलीच नव्हती. माझ्या घरच्यांच्या लेखी तरी ती पुडीनं सोडवली होती. मला रागही येईना, नुसतं आतून तुटल्यागत झालं.

तिनं टपरीवरून दोन चहा आणले. माझा हात ग्लासापर्यंत गेला आणि थांबला. जरासाच, पण तिनं पाहिलं. तिनं माझा ग्लास उचलला, एक घोट पिऊन दाखवला आणि परत माझ्यापुढे ठेवला.