गोठ्यातली पिवळी वाट

२००३ सालचा नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा सेवरीनाने पेटारा उघडला. नाताळच्या गोठ्यात, येशूजन्माच्या देखाव्यात, गवत हवं म्हणून तिने पसरट डब्यांत गहू पेरले होते. गेल्या वर्षी ते कोंबड्यांनी फस्त केले. म्हणून यंदा पेटाऱ्यात, झाकण लावून.

गवत आलं होतं, वीतभर. पण पिवळंफटक.

"ह्यां गवात काय शेवयो?" तिचा नवरा रॉक ओरडला.

ओरडणारच. पलीकडच्या वाडीतल्या मॅक्सवेलला तो चर्चच्या अंगणात साऱ्या गावादेखत सांगून बसला होता: यंदा गोठ्याच्या स्पर्धेत पहिला नंबर आमचा, नायतर मिशी काढीन. सेवरीनाने रॉकला बिनमिशीचा कधी पाहिला नव्हता. पाहायचाही नव्हता. बिनमिशीच्या सासऱ्यांचा वरचा ओठ तिला चांगला आठवत होता.

सुट्टीला आलेली भाची स्टेला कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकत होती. ती हसली. "मावशे, मेला नाय ता. उजेड शोधता हा. भायर काढ."

*आत, पात्यात: फायटोक्रोम नावाचं प्रथिन. काळोखात ते गप्प असतं; तोवर एकच काम, लांब व्हा. उन्हातला तांबडा प्रकाश लागला, की ते आकार बदलतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि अडवलेली कामं सुटतात. बनवा हिरवं.*

आधी दोनच डबे अंगणात ठेवले. संध्याकाळी हिरवे! फक्त एका डब्यावर गोठ्याच्या पुठ्ठ्याची पट्टी पडली होती, तिच्याखाली पिवळंच. सेवरीनाने पट्टी उचलली, पाहिलं, परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटाऱ्यातले उरलेले पिवळे डबे तिने एकेक पट्टी ठेवूनच उन्हात काढले.

"बाळ येशूक बघूक तीन राजे येतले खंयसून? वाट नको?" ती म्हणाली.

चोवीसच्या संध्याकाळी परीक्षक फादर यायच्या तोंडावर पट्ट्या काढल्या. हिरव्या डोंगरातून थेट बाळ येशूपर्यंत पिवळी वाट.

पहिला नंबर.

सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर मॅक्सवेल फादरना घेऊन हजर. खिशात वस्तरा.

"पेंट मारलोहा, फादर! नंबर रद्द करा."

"पुसान बघ," रॉक म्हणाला.

"ऑइलपेंट तो. पुसान जातलो कसो?"

फादर मान खाजवू लागले. रॉकचा हात मिशीवर गेला. स्टेलाने मावशीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि सेवरीना पुढे झाली.

"बसा. जेवा हयच. पेंट आसलो तर सांजेक पण पिवळोच रवतलो."

जेवणाला नाही म्हणणारा माणूस मॅक्सवेल नव्हे. कुणी हात लावू नये म्हणून तो ताट घेऊन अंगणात, उन्हातल्या गोठ्यासमोरच बसला.

*आत, वाटेवरच्या पात्यात: हरितद्रव्य बनत आलेलं, शेवटच्या टाक्यासाठी अडलेलं. तो टाका उजेडच घालतो.*

डुकराच्या मटणाचं सोरपोतेल संपेस्तोवर वाट पोपटी झाली. गोड नेवऱ्या आल्या तोवर ती दाखवायला बोट ठेवावं लागलं. चहाला वाटच नव्हती.

"शिरा पडली! खंय गेली?" मॅक्सवेल ओरडला.

"तूच राखणेक होतंस मरे," रॉक म्हणाला. फादर हसता हसता ठसकले.

मॅक्सवेलने खुर्ची सेवरीनाकडे सरकवली. आवाज खाली. "पेटाऱ्यात किती दिस ठेवलंस गो? फुडल्या वर्षी मी पण पैज लावतंय."

सेवरीनाने त्याच्या गुळगुळीत तोंडाकडे पाहिलं.

"लाव. पण तुका मिशी खंय आसा?"