पांढरे कपडे

"अहो काका, आज खतात हात घालायचाय. आपण एकदम लग्नाला निघाल्यासारखे?"

केंद्राचे व्यवस्थापक अनिरुद्ध हसून म्हणाले. त्यांच्यामागची जीन्स-टीशर्टमधली दहाबारा माणसंही हसली. सुखदेवराव आपल्या पांढऱ्या शर्टाकडे बघत राहिले. विहारात जायचं तर पांढरे कपडे, हे त्यांना लहानपणापासून माहीत. 'बुद्धाच्या केंद्रात जायचंय, कंपनीने घरातलं एक माणूस आणायला सांगितलंय,' एवढंच मुलाने फोनवर कळवलं होतं. मग येरवड्याच्या घरात त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी शर्ट-पायजम्याला नीळ दिली, इस्त्री केली. खताचं कोणी बोललंच नव्हतं.

सुखदेवराव एकाच गोष्टीसाठी आले होते. हाच मुलगा चार वर्षांचा असताना वस्तीतल्या विहारात त्यांच्या मांडीवर बसून त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणायचा. सॉफ्टवेअरमध्ये गेल्यापासून तो विहाराकडे फिरकला नव्हता. आज पुन्हा त्याच्या शेजारी बसून वंदना म्हणायची होती.

गाडीत मुलाने बजावलं होतं, "बाबा, कोणी विचारलं तर कॉर्पोरेशनमध्ये होतो म्हणा. पुढचं नको."

पुढचं म्हणजे एकतीस वर्षं कचऱ्याची गाडी आणि डेपो. मुलाचं नाव धम्मदीप, पण कंपनीत सगळे त्याला दीप म्हणत. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना त्याने धम्म येरवड्यातच ठेवला होता.

खताचा खड्डा नासलेला होता. माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती आणि अनिरुद्ध सांगत होते, "वासाला विरोध करू नका. फक्त त्याच्याकडे साक्षीभावाने बघा."

सुखदेवराव कडेला हात मागे बांधून उभे राहिले. आपण मध्ये पडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात धम्मदीपची टीम लीडर निकिता खुरप्याने कचरा उकरायला लागली. खुरपं कशाला तरी खटकन लागलं. तिने बघायला हात घातला.

"ताई, थांबा! काच हाय!"

"दिसत तर नाहीये, काका."

"आवाज आला ना." ते खड्ड्यात उतरलेसुद्धा. कोणीतरी हातमोजे पुढे केले. "नको. हातमोज्यात काच कळत नाही." उघड्या बोटांनी चाचपत त्यांनी फुटक्या बाटलीचे पाच तुकडे काढले. मग त्यांना राहवेना. "अहो, सगळं ओलंच भरलंय. सडंल नाहीतर काय! सुका पाला आणा."

तासाभरात त्यांनी खड्डा खालीवर केला, पाल्याचे थर दिले आणि मधोमध एक लोखंडी गज खुपसला. "उद्या हा काढून तळहाताला लावा. चटका बसला की समजायचं, खत शिजायला लागलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या कामासाठी एकतीस वर्षांत कोणी टाळी वाजवली नव्हती. सुखदेवराव लाजले.

"काका, कुठे शिकलात हे?" निकिताने विचारलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. आता सांगायला काय हरकत होती? आता तर टाळ्या पडल्या होत्या.

"गावाला शेती आहे आमची," धम्मदीप घाईने म्हणाला. "ऑरगॅनिक."

सुखदेवरावांची गावाला कुंडीत मावेल एवढीही माती नव्हती.

"हो," ते म्हणाले. "हाय थोडी."

वंदनेची घंटा झाली. लोकांनी ॲप्रन आणि हातमोजे काढले, खालचे कपडे स्वच्छच निघाले. सुखदेवरावांनी नळावर कोपरापर्यंत हात तीनदा धुतले. कपड्यांचं काय करणार? छातीपासून पायजम्यापर्यंत काळं पाणी उतरलं होतं. दाराशी अनिरुद्ध आडवे आले.

"काका, गैरसमज नको हं. आत गालिचा आहे. आपण इथे पायरीवर बसा. सगळं ऐकू येतं."

खरं सांगतो, मला अनिरुद्धांचा राग येत नाही. त्यांना खरोखरच गालिच्याची काळजी होती. सुखदेवरावांनी मुलाकडे पाहिलं.

"बसा ना, बाबा," मुलगा म्हणाला. "पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे." बूट काढून तो आत गेला.

सुखदेवराव पायरीवर बसले. आत कागद वाटले गेले आणि सगळे अडखळत वाचू लागले. त्यांनी कान देऊन त्यातला आपल्या मुलाचा आवाज शोधला. तोही अडखळत होता. पहिल्याच शीलापाशी तो थांबला.

"दीप, किती कच्चा आहेस तू!" निकिता हसून म्हणाली.

"पहिल्यांदाच वाचतोय गं."

बाहेर पायरीवर सुखदेवरावांनी हात जोडले आणि, मांडीवरच्या पोराला सांगावं तसा, पुढचा शब्द त्याला हळूच सांगितला.