दोन भट्ट्यांचा गॅस

काचेची भट्टी एकदा पेटली की विझवायची नसते. आतली काच थिजली तर भट्टी फोडूनच बाहेर काढावी लागते, आणि औषधाच्या बाटल्या करणाऱ्या वस्तादांच्या अंगात नवी भट्टी उभारण्याचं बळ उरलं नव्हतं. त्यातच दूर कुठेतरी दोन देश हमरीतुमरीवर आले, सामुद्रधुनीत युद्धनौका आडव्या लागल्या, गॅसची जहाजं पलीकडेच खोळंबली आणि इथे वस्तादांच्या पाइपातला दाब उतरू लागला. ज्यांचं भांडण, त्यांना वस्ताद कोण हे ठाऊकही नव्हतं.

त्याच पाइपावर शेजारी फरशांची भट्टी होती, ती व्याह्यांची. वस्तादांची लेक त्या घरात दिली होती आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. व्याह्यांनी आपल्या वाट्याचा गॅस सोडला असता तर काच तगली असती.

"दोन शब्द बोलून या. जीभ झिजणार नाही," बायकोने सुनावलं.

वस्ताद गेले खरे, पण मागणं काही ओठांवर येईना. चहा आला, तसा त्यांनी युद्धाचा विषय काढला.

"चूक त्या नौकावाल्यांची," ते म्हणाले.

"चूक आपली," व्याही म्हणाले. "सगळ्या देशाची चूल एका चिंचोळ्या वाटेच्या भरवशावर ठेवायची आणि वाट अडली की बोंब मारायची."

"म्हणजे अडवणारा शहाणा?"

झालं, जुंपली. दोन देश राहिले बाजूला, व्याहीच समोरासमोर उभे ठाकले. शेवटी व्याह्यांनी विचारलं, "तुमच्याकडे दाब कसा आहे?"

"आहे आपला," म्हणत वस्ताद चहा तसाच टाकून उठले आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत परतले.

कारखान्यात सगळे दाबाच्या काट्याकडे डोळे लावून बसले होते. काच जड होत चालली होती, ओघळायचं नाव घेत नव्हती. आणि मग काटा हलला. वर चढला, चढतच राहिला.

"जहाजं सुटली वाटतं," एक कारागीर म्हणाला.

वस्तादांनी खिडकीतून पाहिलं. शेजारचं धुराडं बंद होतं. ते अनवाणीच धावले. अंगणात अर्ध्या भाजलेल्या, तडकलेल्या फरशांचा ढीग पडला होता.

"अहो, भट्टी मधेच बंद केलीत? सगळा माल गेला की."

"गेला. पण माझी भट्टी काय, गॅस आला की पुन्हा पेटेल. तुमची पेटली असती का?"

"मी तर मागितलंही नव्हतं."

"तुम्ही कसले मागताय? चहा टाकून उठलात, तेव्हाच कळलं."

वस्ताद त्या ढिगाकडे बघत म्हणाले, "माझी माणसं, माझं घर, सगळं वाचवलंत व्याही. हे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? माझ्या सुनेचं माहेर आहे ते. ते थंड पडू देऊन रात्री तिच्या हातचं कुठल्या तोंडाने जेवलो असतो?"

वस्तादांनी हात जोडले आणि त्या माणसापुढे ते आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाकले.