थोरल्यासाठी बर्फ नाही

बर्फवाल्याचं डोकं मुळातच गरम. उभा जन्म बर्फात हात घालून गेला, तरी ते काही थंड झालं नाही. पण एक गोष्ट त्याची मानायलाच हवी. मयताच्या घरून कुणी आलं, की मासळीवाल्यांची गाडी अर्धी भरलेली असली तरी तो थांबवायचा आणि आधी मयताची लादी काढायचा.

त्या दुपारी त्याची वहिनी स्वतः आली. थोरला भाऊ सकाळीच गेला होता. मुलगी परदेशातून निघाली होती, ती पोचणार दुसऱ्या दिवशी, आणि ऊन तर नुसतं भाजून काढत होतं. गावात बर्फाचा कारखाना हा एकच.

आता या थोरल्यानं काय केलं होतं, तर कारखान्याच्या टाकीतलं पाणी घाण आहे, असं चारचौघांत सांगून टाकलं होतं. कारखान्याला टाळं लागलं, अख्खा उन्हाळा बुडाला. पाणी घाणच होतं म्हणा, पण सख्ख्या भावानं सांगावं? तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वहिनी म्हणाली, तुमचं भांडण तुमच्यापाशी राहू द्या, पोरीला बापाचं तोंड तेवढं बघू दे.

"माझ्या बर्फात घाण आहे ना वहिनी? मग त्याला कशाला लावता?" तो म्हणाला. "कारखाना माझा. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते मी ठरवणार."

कामगार माना खाली घालून उभे राहिले. वहिनी आल्या पावली परत गेली. मेलेल्या माणसावर सूड उगवून याला काय मिळालं, देव जाणे!

रात्री त्याला घास गिळवेना. उजाडल्यावर न राहवून त्यानं स्वतः हातगाडीवर लाद्या घातल्या आणि भावाचं घर गाठलं. दारातच शेजाऱ्यानं सांगितलं, की थोरल्याला ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं, पहाटेच उरकून घेतलं. तो गाडी तशीच ढकलत परत आला.

दुपारी पुतणी कारखान्यात आली, प्रवासाची बॅग अजून खांद्यालाच. आता ही शिव्या घालणार, घालू दे, असं म्हणत तो उठून उभा राहिला. पण पोरीनं बर्फाचं नावही काढलं नाही.

"काका, जरा उजेडात येता?" ती म्हणाली. "आई म्हणते, बाबा अगदी तुमच्यासारखे दिसायला लागले होते."

तो दारात आला. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आता डोळे मिटा," ती म्हणाली.

त्यानं मिटले.