साइन अठरा

साइन अठरा अंशांची अचूक किंमत वर्गमुळात येते, हे गणितवाल्या कुणालाही ठाऊक असतं. आमचं मेलं गणिताचं सॉफ्टवेअर मात्र ती देतच नव्हतं. त्याच्या या नाकर्तेपणावर मी चाळीस पानं खरडली, एमएस्सीचा प्रकल्प बांधून घेतला, आणि आज दोन वाजता लोणावळ्यात तोंडी परीक्षा. पास झाले तर सोमवारी तळेगावच्या कंपनीत रुजू व्हायचं. नापास झाले तर नोकरी गेली, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

साडेबाराला कॉलेजच्याच लॅबमध्ये शेवटची उजळणी म्हणून माझा प्रोग्रॅम उघडला. तीस, पंचेचाळीस, साठ या कोनांच्या किमती मी हातानेच भरल्या होत्या, पाठच होत्या ना. बाकीचे कोन रेडियनमध्ये बदलून, म्हणजे π ने गुणून एकशे ऐंशीने भागून, सॉफ्टवेअरकडे जायचे. अठरा टाकले. नेहमीसारखंच न सोडवता परत आलं: साइन अकरा छेद पस्तीस.

आज पहिल्यांदाच ते नीट बघितलं. हे पस्तीस कुठून उपटले? उत्तरात π कुठाय?

प्रोग्रॅममधली रेडियनची ओळ उघडली. π म्हणून मी बावीस छेद सात लिहिलं होतं. शाळेपासून तेच घोकलेलं! सॉफ्टवेअरला तो साधा अपूर्णांक. ते बिचारं काय सोडवणार? आणि मी वर्षभर त्यालाच शिव्या घालत होते.

तिथे खरा π लिहिला. लगेच उत्तर आलं: पाचाचं वर्गमूळ वजा एक, भागिले चार. छत्तीसही आलं, बहात्तरही. मी हमसून हमसून रडले.

माझे मार्गदर्शक चिंतामणी सर आले. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावलं.

"पायल, गप्प बस. परीक्षक पानं चाळतात, वाचत नाहीत. माझी सही आहे त्यावर."

"सर, तुम्ही तरी वाचलं होतं का?"

सर चष्मा पुसत बसले.

दोन वाजता परीक्षक प्रमोदिनीबाईंनी प्रकल्प न उघडताच विचारलं, "निष्कर्ष काय?"

सर माझ्याकडे टक लावून बघत होते.

"चुकलाय, मॅडम. सॉफ्टवेअर बरोबर आहे. मीच π च्या जागी बावीस छेद सात टाकलं."

"कधी कळलं?"

"आज दुपारी."

"आणि सरांना?"

मी मान खाली घातली. बाईंनी निकालावर सही न करताच पेनाला टोपण लावलं.

बाहेर आले तोच परंदवडीहून आईचा फोन. "काय गं, झाली का परीक्षा?"

मी नाक ओढलं.

"आगं, रडती का? कुनी काय बोललं का तुला?"

"न्हाई गं आई," मी म्हटलं, "मीच बोलले."